वाटसरूचं दार

माणसाचा जीव कशात गुंतावा याला काही नियम नाही. कुणाचा बागेत गुंततो, कुणाचा नातवंडांत, कुणाचा शेजाऱ्यांच्या भांडणात. देवाने ज्याच्या पदरात जे टाकलं ते त्याने गोड मानून घ्यायचं. ही गोष्ट ज्यांची आहे त्या गृहस्थांचा जीव एका मालवाहू अंतराळयानात गुंतला होता, आणि ते यान कधी कुठे उडालेलं नव्हतं.

त्यांना सगळे कप्तान म्हणायचे. धंद्याने ते कवळ्या बनवणारे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवायचे, आणि कप्तान घराच्या मागच्या खोलीत बसून मेण, प्लास्टर आणि गुलाबी अॅक्रिलिक यांतून त्या मापाच्या हिरड्या घडवायचे, त्यांत एकेक दात बसवायचे. शहरातली निम्मी म्हातारी माणसं कप्तानांच्या दातांनी हसायची आणि उरलेली त्यांच्याच दातांनी सुनांवर करवादायची. हातातलं काम संपलं की त्याच टेबलावर, त्याच कोरण्या आणि त्याच कानशी घेऊन कप्तान यानं बनवायला बसायचे. सिनेमांतली, मालिकांतली, ज्यांचा पत्ता फक्त पडद्यावर लागतो अशी यानं. बायको म्हणायची, "तुमच्या टेबलावर एकीकडे जबडा आणि एकीकडे रॉकेट. कोण कुणाला खाणार ते एकदाचं ठरवा."

सगळ्यांत लाडकं यान म्हणजे वाटसरू. मालिकेचं नावही तेच. कप्तान शाळेत असताना ती टीव्हीवर लागायची. एक जुनं, पोचे आलेलं यान ताऱ्याताऱ्यांवर सामान पोचवत फिरतं आणि प्रत्येक भागाच्या शेवटी त्याचं घरी परतायचं राहून जातं, एवढीच कथा. पुढे त्या मालिकेच्या फिती कुणीतरी पुसल्या आणि त्यांवर खेळांचे सामने भरले. चित्रीकरणासाठी केलेलं हातभर लांबीचं मॉडेल कुठे गेलं ते कुणालाच ठाऊक नाही. मागे उरले काही अंधारे फोटो, एका मासिकातला आराखडा आणि बघणाऱ्यांच्या आठवणी. जिथे पुरावा थोडा असतो तिथे भक्ती फार असते. वाटसरूच्या भक्तांचं रीतसर मंडळ होतं. रविवारी सकाळी ही सगळी पांढऱ्या केसांची मंडळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमायची, एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करायची, आणि मग यानाचं दार कोणत्या बाजूला होतं यावरून भांडायची.

म्हणजे असं, की यानाचं नाक आपल्याकडे करून ते टेबलावर ठेवलं, तर सामान चढवायचं गोल दार आपल्या उजव्या हाताला येतं की डाव्या? बहुतेक फोटोंत तो भाग नेमका काळोखात. कप्तान उजव्या बाजूचे. डाव्या बाजूचे पुढारी त्यांचे सख्खे मेहुणे, म्हणजे बायकोचे थोरले भाऊ.

मेहुणे जमिनी मोजण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. ते यानं बनवत नसत, जमवत. एकटा माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बैठकीच्या खोलीत तीन भिंतींना काचेची कपाटं आणि त्यांत देशोदेशींहून आणलेली यानं. सकाळी उठून ते मऊ कुंचल्याने एकेक यान पुसायचे, पुसताना त्याच्याशी दोन शब्द बोलायचे, आणि मगच चहा घ्यायचे. 'कप्तान' हे नाव त्यांनीच ठेवलं होतं, आणि ते काही कौतुकाने ठेवलेलं नव्हतं.

मंडळ आटोपलं की ते बहिणीकडे चहाला यायचे आणि भांडणाचा उरलेला भाग तिथे पूर्ण व्हायचा.

"मला डोळ्यांसमोर दिसतंय हो," मेहुणे म्हणायचे. "लहानपणी पाहिलेलं जन्मभर विसरत नाही माणूस. दार डावीकडे. ह्या इथे. त्याच्याखाली लहानसा पोचा."

"दादा, फोटो आहे माझ्याकडे."

"तो फोटो उलटा छापलाय."

"उलटा छापला असता तर पोटावरची अक्षरं उलटी दिसली असती. ती सरळ वाचता येतात."

"मग ते दुसरं मॉडेल असणार. चित्रीकरणाला दोन मॉडेलं असतात, एवढंही ठाऊक नाही तुम्हाला?"

यावर बोलणार काय? ज्याने न मानायचंच ठरवलं आहे त्याच्यापुढे फोटो काय आणि साक्षात यान काय. कप्तान हात टेकायचे आणि चहाचा कप तोंडाला लावायचे.

तेव्हा त्यांच्या टेबलावर त्यांचं नवं वाटसरू तयार होत होतं. त्यावर त्यांनी सहा वर्षं घातली होती. पत्र्यांचे सांधे, खिडक्यांच्या चौकटी, उल्कांचे ओरखडे, इंजिनाच्या तोंडाशी बसलेली काजळी, सगळं जिथल्या तिथे. आणि दार उजवीकडे. शहरातल्या विज्ञान संग्रहालयात कल्पनेतल्या यानांचं नवं दालन उघडणार होतं. तिथल्या बाई एकदा घरी येऊन ते बघून गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "दालनाच्या मधोमध एक मोठी काचपेटी आहे. तिच्यात हेच ठेवावं असं माझ्या मनात आहे." त्या दिवशी कप्तानांना आकाश ठेंगणं झालं. जन्मभर त्यांनी केलेलं काम लोकांच्या तोंडात राहिलं होतं, अगदी शब्दशः, आणि ते काम असं की कुणाच्या लक्षात आलं तर ते बिघडलं म्हणायचं. चांगल्या कवळीकडे बघून कुणी कारागिराचं नाव विचारत नाही. आता एकदा, एकदाच, काचेमागे आपलं काम आणि खाली पितळी पट्टीवर आपलं नाव. दुसरं काही त्यांना नको होतं. म्हणजे एक हवं होतं, पण ते काचपेटीहून अवघड. मेहुण्यांनी एकदा 'वा' म्हणायला हवं होतं.

मेहुणे नवं यान बघायला आले. चष्मा कपाळावर चढवून, खाली वाकून, सगळीकडून बघितलं. "हात चांगला आहे," म्हणाले. "पण कप्तान, नक्कल ती नक्कल. अस्सलात एक जीव असतो. तो काही कानशीने घासून येत नाही."

कप्तानांना हे लागलं. "अस्सल आहे कुठे, दादा? असेल तर आणून दाखवा."

बायको कपबशा उचलता उचलता म्हणाली, "घ्या. आता आणेल हा."

आणि खरंच आणलं.

महिन्याभराने मेहुण्यांचा बहिणीला फोन आला. आवाज चोरी केल्यासारखा. "संध्याकाळी या दोघंही. चिमे, नक्की या. फोनवर काही विचारू नकोस."

दोघं गेली. बैठकीत पाऊल टाकलं आणि बायको दारातच थांबली. तिन्ही भिंतींची कपाटं रिकामी. काचेच्या फळ्यांवर, जिथे जिथे यानांचे पाय होते तिथे तिथे स्वच्छ गोल ठिपके, बाकी धुळीचा पातळ थर.

"दादा, चोरी झाली का रे?"

"चोरी कसली? दिली सगळी. सगळ्यांच्या बदल्यात एक घेतलं." मेहुण्यांचे डोळे लकाकत होते. खोलीच्या मध्यावर टेबल आणि टेबलावर चादर झाकलेलं काहीतरी. "एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे होतं. त्याला एका घराच्या आवराआवरीत मिळालं. त्या घरातल्यांना दुसऱ्या कुणीतरी दिलेलं. माग काढत गेलं तर थेट स्टुडिओपर्यंत पोचतं म्हणतात. कप्तान, तुम्ही म्हणाला होतात ना, आणून दाखवा?"

त्यांनी चादर ओढली.

टेबलावर वाटसरू होतं. रंग जागोजागी उडालेला, एक पाय वाकलेला, पाठीवरची तबकडी तुटलेली. नाक पाहुण्यांकडे. आणि दार डावीकडे.

"बघा," मेहुणे हलकेच म्हणाले. "बघा आता. डोळे भरून बघा."

कप्तान बघत राहिले. मेहुणे बोटाने न शिवता एकेक गोष्ट दाखवू लागले. हा दारावरचा कंगोरा. हा त्याखालचा पोचा, अगदी आठवणीतला. "आणि ह्या इंजिनाभोवतीच्या फरश्या बघा. उष्णता परतवण्यासाठी. प्रत्येक फरशीवर चार उंचवटे, मध्ये खाच. आजच्या कारागिराला सुचणार नाही हे. किती खोल विचार असेल त्या माणसाचा."

त्या माणसाने खोल विचार केलेला नव्हता. त्याच्याकडे त्या दिवशी दाढा उरल्या होत्या. खालच्या जबड्यातल्या, दुसऱ्या. मोठ्या मापाच्या म्हणून डॉक्टरांनी परत पाठवलेल्या. त्याने त्या तळाशी घासल्या आणि इंजिनाभोवती गोल चिकटवून वर करडा रंग मारला.

हे कप्तानांना ठाऊक होतं, कारण तो माणूस तेच होते.

लग्नाच्या आधीची ती गोष्ट. हाती होता फक्त मासिकातला आराखडा. नाक समोर केलेलं यान आणि खाली ओळ, 'दार उजवीकडे'. कुणीही वाचलं असतं तर दार आपल्या उजव्या हाताला बसवलं असतं. पण कवळ्या बनवणाऱ्याचं डावं-उजवं वेगळं असतं. त्याच्यापुढे कायम कुणाचं तरी तोंड उघडलेलं असतं, आणि त्याच्या धंद्यात उजवी दाढ म्हणजे पेशंटची उजवी. ती बघणाऱ्याच्या डाव्या हाताला येते. कप्तानांनी यानालाही पेशंट समजून दार बसवलं. चूक पुढे कितीतरी वर्षांनी, तो अक्षरांचा फोटो हाती आला तेव्हा कळली. तोवर ते यान घरात नव्हतं. ज्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे ते काम शिकले त्यांना त्यांनी ते भेट दिलं होतं. डॉक्टर गेले, दवाखाना मोडला, सामान कुठे कुठे पांगलं. यान हातोहात फिरत राहिलं, आणि ज्या ज्या हातात गेलं त्या त्या हाताने त्याला थोडा इतिहास चिकटवला. फसवलं कुणीच नव्हतं. प्रत्येकाने फक्त ऐकलेलं थोडं वाढवून सांगितलं होतं.

"काय हो, बोला की," मेहुणे म्हणाले. "वाचा बसली का?"

"सुंदर आहे," कप्तान म्हणाले.

"जीव आहे की नाही यात?"

"आहे."

"बघ चिमे, आज पहिल्यांदा हा माणूस माझ्याशी भांडला नाही."

घरी जाताना कप्तानांनी बायकोला सगळं सांगितलं. ती चालता चालता थांबली, तोंडावर पदर धरला आणि खांदे हलेपर्यंत हसली. मग हसू ओसरलं.

"तरीच," ती म्हणाली. "मला ते कुठेतरी पाहिल्यासारखं वाटत होतं. अहो, दादाची अक्कलदाढ दुखत होती तेव्हा मीच त्याला घेऊन गेले होते तुमच्या त्या डॉक्टरांकडे. तासन्‌तास बसलो होतो बाहेर. समोरच्या फळीवर हेच होतं. गाल धरून त्याच्याकडेच बघत बसला होता तो."

कप्तानांना उलगडा झाला. मेहुण्यांच्या डोळ्यांसमोर लहानपणी पाहिलेलं म्हणून जे यान दिसत होतं, डावीकडचं दार आणि त्याखालचा पोचा, ते टीव्हीवरचं नव्हतंच. ते दवाखान्यातलं होतं. म्हणजे गेली कित्येक वर्षं ज्या मताशी ते झगडत होते ते त्यांच्याच चुकीचं पिल्लू होतं.

"आता?" बायको म्हणाली.

"आता काय? सांगावं लागेल. संग्रहालयाच्या बाई काचपेटीत माझं यान ठेवायचं म्हणून..."

"सांगा की. मी कशाला अडवू? सहा वर्षं तुम्ही त्या टेबलावर पाठ मोडली, मी बघितलंय." ती थोडं पुढे गेली आणि मागे न बघता म्हणाली, "फक्त सांगितल्यावर त्या रिकाम्या कपाटांत तो काय पुसत बसेल, तेवढं मला सांगा."

बातमी मंडळात पोचायला वेळ लागला नाही. उजव्या बाजूच्या लोकांनी रविवारी यायचं बंद केलं. डाव्या बाजूचे वेळेच्या आधीच येऊन बसू लागले. संग्रहालयाच्या बाईंचा कप्तानांना फोन आला. आवाजात अवघडलेपणा होता. अस्सल मॉडेल सापडलं असेल तर नव्या प्रतिकृतीचा त्याच्याशी मेळ बसायला हवा, नाहीतर दालनात चुकीची वस्तू ठेवल्यासारखं होईल. तेव्हा आधी ते अस्सल आहे का, हे ठरायला हवं. "तुमच्या मेहुण्यांनीच सुचवलंय, की तपासायचं तर तुम्हीच तपासावं."

म्हणजे निकाल कप्तानांच्याच हातात आला. बाजू त्यांची, न्यायाधीशही तेच. देवाला गंमत करायची लहर आली की तो अशीच सोय करून देतो.

ठरल्या दिवशी ते निघाले तेव्हा मनात काही गोंधळ नव्हता. खरं सांगायचं. सौम्यपणे, पण सांगायचं. दाढा दाखवायच्या, वाकलेल्या पायाचा रंग खरवडून आतलं गुलाबी अॅक्रिलिक दाखवायचं, आणि दादांची माफी मागायची. बायकोने त्यांच्या सदऱ्याची कॉलर नीट केली.

मेहुण्यांच्या बैठकीत सगळं मंडळ भिंतीलगत उभं होतं. बाई खुर्चीत. कप्तानांनी पिशवीतून हत्यारं काढली: भिंग, कंपास, आणि तोंडात घालून मागची बाजू बघायचा लांब दांडीचा आरसा. ते यानाभोवती हळूहळू फिरले. गरज नव्हती, पण फिरले. किती वर्षांनी भेटत होतं ते. खिडक्यांच्या चौकटी थोड्या वाकड्या होत्या. तेव्हा हात बसलेला नव्हता. पण घाई कुठेच नव्हती. पोटाच्या आतल्या, कुणाला कधी न दिसणाऱ्या कोपऱ्यातसुद्धा पत्रे कोरलेले होते. त्या वयात आपण इतके गुंतलो होतो याचं त्यांना नवल वाटलं, आणि थोडा हेवाही.

"दादा," ते म्हणाले, "मला काही सांगायचंय."

"थांबा." मेहुण्यांनी हात वर केला. ते मंडळाकडे वळले. "त्यांनी सांगायच्या आधी मी दोन शब्द बोलतो. तुमच्यापैकी काहीजण म्हणताहेत की हे माझ्या विरुद्ध बाजूचे, मुद्दामच नाही म्हणतील. आणि काही म्हणताहेत की हे माझे मेहुणे, मुद्दामच हो म्हणतील. दोघंही मूर्ख आहात. ह्या माणसाने उभ्या आयुष्यात मापात केसाइतका फरक केलेला नाही. माझ्या तोंडातले दात यांनी केलेत. मी उभा जन्म जमिनी मोजल्या, पण असा हात मी दुसरा पाहिला नाही. कधी तोंडावर बोललो नाही, कारण मग हे डोक्यावर बसले असते." लोक हसले. मेहुणे हसले नाहीत. "यांनी नाही म्हटलं तर नाही. मी हे आजच माळ्यावर टाकून देईन आणि परत दाराचं नाव काढणार नाही. सांगा कप्तान."

झालं. जे 'वा' ऐकायला कप्तानांनी अर्धं आयुष्य कान टवकारले होते ते आलं, आणि आलं ते अशा घटकेला, की त्याला लायक ठरायचं तर खरं बोलून दादांच्याच आनंदाचा गळा आवळायचा.

त्यांनी मेहुण्यांच्या मागे बघितलं. रिकाम्या फळ्यांवरचे ते गोल ठिपके कुणीतरी पुसून टाकले होते. सकाळी पुसायला दुसरं काही नसणार.

कप्तान जन्मात कधी खोटं बोलले नव्हते असं नाही. प्रत्येक नवी कवळी बसवताना ते 'अजिबात टोचणार नाही' असं सांगत. पण तेवढंच. आता त्यांनी आरसा पिशवीत ठेवला, भिंग ठेवलं, कंपास ठेवला.

"अस्सल आहे," ते म्हणाले.

डाव्या बाजूने टाळ्या पिटल्या. कुणीतरी मेहुण्यांना मिठी मारली. बाईंनी सुटकेचा श्वास घेतला आणि त्याच श्वासात कप्तानांकडे सहानुभूतीने बघितलं. "तुमच्या मॉडेलचं वाईट वाटतं हो. इतकं सुंदर काम, आणि दारच चुकलं."

"चालायचंच," कप्तान म्हणाले.

पण गोष्ट इथे थांबली नाही. मेहुण्यांचे पाय आता जमिनीवर नव्हते. चाळीस माणसांच्या हयातभराच्या वादाचा निकाल त्यांच्या बैठकीत लागला होता. त्या भरात ते टेबलापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, हे यान एका माणसाच्या घरात राहण्यासारखं नाही. ही सगळ्यांची ठेव. तुमच्या काचपेटीत हेच जाऊ दे. मी देतो."

बायकोने कप्तानांचा दंड घट्ट धरला. "अहो, थांबवा त्याला," ती पुटपुटली.

"कसं थांबवू? अस्सल म्हणून बसलोय."

बाईंनी लगेच मेहुण्यांचा हात हातात घेतला, आभार मानले, आणि पितळी पट्टीवर काय लिहायचं ते विचारायला लागल्या. मालिकेचं नाव. देणाऱ्याचं नाव. मग त्या कप्तानांकडे वळल्या. "आणि कारागीर? तुम्ही एवढं बारकाईनं पाहिलंत. कुणाचा हात असेल, काही अंदाज?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. मेहुणेही, अगदी भाबड्या उत्सुकतेने. पट्टीवरची ती रिकामी जागा कप्तानांना डोळ्यांसमोर दिसली. एक शब्द बोलायचा अवकाश होता.

"अज्ञात लिहा," ते म्हणाले. "नवशिका असावा. पण मनापासून केलंय."

"नवशिका?" मेहुणे चिडले. "बघा, पुन्हा सुरू झाले. जळतात, दुसरं काय."

दालन उघडलं तेव्हा तिघंही बघायला गेली. काचपेटीत यान, वरून मंद उजेड, खाली पट्टी. मूळ मॉडेल. कारागीर अज्ञात. लोक थांबत होते, वाकून इंजिनाभोवतीच्या फरश्या बघत होते, पुढे जात होते. कप्तान बराच वेळ उभे राहिले. त्यांचं काम शेवटी काचेमागे पोचलं होतं. फक्त त्यांचं म्हणून पोचलं नव्हतं, एवढंच. वाईट वाटायला हवं होतं आणि वाटतही होतं. पण त्यात थोडं हसूही मिसळलं होतं, आणि ते नेमकं कुणावर येतंय ते त्यांना ठरवता येईना. त्या दालनात सगळ्यांना दिसत होतं त्यापेक्षा एक गोष्ट जास्त फक्त त्यांना आणि बायकोला दिसत होती. आणि देवाला, त्याला तर यानाच्या सगळ्या बाजू एकदम दिसतात. त्याच्यापुढे डावं-उजवं काय टिकणार?

मेहुणे मात्र दिवसेंदिवस वाळत चालले. रविवारी चहाला येईनात. मंडळातही जाईनात, वादच मिटला, तर जाऊन करायचं काय? बहीण एकदा सकाळीच गेली तर ते रिकाम्या कपाटासमोर कुंचला घेऊन बसलेले, चहा न घेतलेला.

"काय करतोयस रे?"

"काही नाही. सवय."

ती घरी आली, तशीच मागच्या खोलीत गेली आणि कुंचल्याचं सांगितलं. कप्तान एका वरच्या कवळीला दात लावत होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग कोपऱ्यात कापडाखाली असलेल्या नव्या वाटसरूकडे बघितलं.

"त्याच्या लायकीचं खोकं आहे का घरात?" त्यांनी विचारलं.

"आणते," ती म्हणाली.

मेहुण्यांनी दार उघडलं तेव्हा कप्तान दोन्ही हातांत खोकं घेऊन उभे होते. त्यांनी ते आत नेलं, यान काढलं आणि मधल्या कपाटाच्या मधल्या फळीवर ठेवलं. नाक खोलीकडे, दार उजवीकडे.

मेहुणे खाली वाकले. मग चष्मा कपाळावर चढवला. "हे मला?"

"संग्रहालयाने नाकारलंय. माझ्या घरात जागा नाही."

"खोटं बोलू नका, तुमच्या घरात जागा आहे." त्यांनी कुंचला घेतला आणि यानाच्या पाठीवरून हळुवार फिरवला. सहा वर्षांचे ओरखडे, पत्र्यांचे सांधे, काजळी. "वा," म्हणाले. अगदी हळू. मग कुंचला दारापाशी थांबला. "कप्तान, एक विनंती. दार तेवढं डावीकडे करून द्या."

"नाही."

"अहो, अस्सल तसं आहे. तुम्हीच सांगितलंत, सगळ्यांसमोर."

"सांगितलं. तरी मी नाही करणार."

"का?"

"मला उजवीकडेच बरं वाटतं."

"आडमुठे आहात. जन्माचे आडमुठे." मेहुण्यांनी दोन्ही हातांनी यान उचललं आणि असं फिरवून ठेवलं, की दाराची बाजू भिंतीकडे गेली. मागे सरकून बघितलं. "आता ठीक. चिमे, चहा टाक. मी अजून घेतला नाही."

बहीण स्वयंपाकघरात गेली. मेहुणे तिला साखरेचा डबा शोधून द्यायला मागोमाग गेले, तेवढ्यात कप्तान उठले आणि त्यांनी यान पुन्हा फिरवून दार खोलीकडे केलं.

तेव्हापासून रविवारचा चहा मेहुण्यांकडे होतो. मंडळही बऱ्यापैकी तिथेच जमतं, कारण कप्तानांचा हट्ट आहे म्हटल्यावर वाद मिटला असं कुणालाच म्हणता येत नाही. कप्तान आले की दार खोलीकडे फिरतं. ते गेले की भिंतीकडे. मधल्या दिवसांत मेहुणे सकाळी ते पुसतात आणि पुसताना त्याच्याशी बोलतात. बहिणीने एकदा दाराआडून ऐकलं, कप्तानांबद्दलच काहीतरी चाललं होतं, आणि ते चांगलं होतं.